बर्लिनहून आई-बाबांना घेऊन कमी खर्चात चार दिवस: प्राग घ्यावं की क्राकूफ?

स्प्रेकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं बर्लिनला राहतो. आई-बाबा भारतातून तीन महिन्यांसाठी आले आहेत. नोव्हेंबरचा शेवटचा किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा धरून चौघांनी तीन-चार रात्री एखाद्या जुन्या ऐतिहासिक शहरात जायचं ठरतंय. पॅरिस-रोमचा खर्च या वर्षी झेपणारा नाही. प्राग आणि पोलंडमधलं क्राकूफ ही दोन नावं यादीत उरली आहेत आणि माझा कल क्राकूफकडे आहे, पण तिथे काय पाहायचं आणि पैसे कुठे वाचतात याचा नीट अंदाज येत नाही.

अडचणी अशा: बाबांचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर चालतात पण जिने नकोत. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. त्यांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) जर्मनीने दिलेला, सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत येण्याचा आहे. तो पोलंडला चालेल का? आमच्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे. मिठाच्या खाणीबद्दल आणि आउश्वित्झच्या नाझी छावणीबद्दलही सांगा, चार दिवसांत दोन्ही बसवावं का?

जुना_नकाशा:
क्राकूफ घ्या. कमी पैशांच्या सहलीत तिकीट न काढता किती पाहता येतं हे महत्त्वाचं, आणि त्या हिशोबात क्राकूफचा हात फार सैल आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोलंडच्या राजांचा दरबार इथे होता. 1596 च्या सुमाराला तिसऱ्या झिग्मुंटने तो वॉर्सोला हलवला, आणि सत्ता गेली तरी शहर जागच्या जागी राहिलं. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सो जवळजवळ जमीनदोस्त झालं, त्यामुळे तिथलं 'जुनं शहर' नंतर बांधलेलं आहे. क्राकूफ 1945 च्या जानेवारीत मोठ्या पडझडीशिवाय वाचलं. इथे ज्या भिंतीला हात लावाल ती बहुतेक वेळा मूळचीच असते. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिलीवहिली बारा ठिकाणांची यादी काढली, त्यात हे शहर होतं.

मुख्य चौक, रिनेक ग्वूव्हनी, 1257 मध्ये आखला गेला. बाजू साधारण 200 मीटर, चौकोनी, आणि त्यातून निघणारे रस्ते आजही त्याच आखणीवर आहेत. मधोमध सुकियेनित्से, म्हणजे जुनी कापडपेठ. तिच्या कमानींखालून आरपार चालायला पैसे लागत नाहीत. कोपऱ्यावर सेंट मेरीचं चर्च. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, तुतारी वाजते. चारही दिशांना एकेकदा, आणि सूर दरवेळी मधेच तुटतो. आख्यायिका अशी की तातारांचा हल्ला येताना पाहून इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, तो क्षण हा. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. वाजवून झाल्यावर खालून हात हलवला तर वरून उत्तर येतं. हे सगळं फुकट.

या शहरात एकच तिकीट काढायचं ठरलं तर ते सेंट मेरीच्या आतलं काढा. फाइट श्टोस या शिल्पकाराने 1477 ते 1489 अशी बारा वर्षं खपून लिंडनच्या लाकडातून कोरलेली वेदी तिथे आहे. उंची सुमारे 13 मीटर, मधल्या मूर्ती माणसाहून मोठ्या, आणि चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या, हातांच्या शिरा अशा की लाकूड आहे हे डोळ्यांना पटत नाही. नाझींनी ती उखडून न्यूरेंबर्गला नेली होती, 1946 मध्ये परत आली. वेदीची दारं सोमवार ते शनिवार बाराला दहा मिनिटं कमी असताना उघडतात. साडेअकरालाच आत जाऊन बाकावर बसा, बाबांना उभं राहावं लागणार नाही. पर्यटकांचं दार बाजूला, दक्षिणेकडे आहे. मुख्य दार प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात.

गुडघ्यांच्या दृष्टीने शहर सोयीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तटबंदी पाडून तिच्या जागी बागेचा पट्टा केला, त्याला प्लांती म्हणतात. साधारण चार किलोमीटरचं कडं, पूर्ण सपाट, पावलापावलावर बाकं. तटबंदीचा उत्तरेकडचा तुकडा, फ्लोरियन दरवाजा आणि पंधराव्या शतकाच्या अखेरचा गोल बुरूज, अजून उभा आहे. त्या दरवाजातून निघून फ्लोरियान्स्का रस्ता, चौक, ग्रोद्झ्का रस्ता असं सरळ चालत गेलं की वावेल किल्ला येतो. राजांच्या मिरवणुकीचा मार्ग हाच, आणि अंतर दीड किलोमीटरच्या आत. मधे डावी-उजवीकडे कुठेही वळलात तरी वाट चुकत नाही, कारण कोणत्याही बाजूला गेलं तरी शेवटी प्लांती लागते.

वावेलवर तिकिटांचा घोळ होतो, म्हणून आधीच सांगतो. टेकडीवर जाणं आणि राजवाड्याचं कमानींचं अंगण मोफत आहे. राजवाड्याच्या आतली दालनं वेगवेगळ्या तिकिटांवर आहेत, एका तिकिटात सगळं येत नाही. कॅथीड्रल चर्चच्या ताब्यात असल्याने त्याचं तिकीट निराळं. त्यातली झिग्मुंटची मोठी घंटा (1520 ची) पाहायला अरुंद लाकडी जिने चढावे लागतात, बाबांनी ते टाळावेत. चढण दगडी फरसबंद उताराची आहे, पायऱ्यांची नाही. पायथ्याशीच ट्रामचा थांबा आहे, तिथपर्यंत ट्रामने या म्हणजे पाय वरच्यासाठी शिल्लक राहतील.

आता वाराबद्दल. तारीख तुमच्या हातात असेल तर डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारचा आठवडा पकडा. सोमवारी पोहोचायचं, शुक्रवारी निघायचं. त्या गुरुवारी सकाळी चौकातल्या कवी मित्सक्येविचच्या पुतळ्यापाशी लोक आपापल्या श्योप्का घेऊन येतात. ख्रिस्तजन्माचा देखावा, पण इमारती क्राकूफच्या: सेंट मेरीचे मनोरे, वावेलचे घुमट, सगळं पुठ्ठा आणि रंगीत चमकत्या कागदाचं. आपल्याकडे दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात तसंच हे, फक्त काही देखावे माणसाच्या उंचीचे असतात. 1937 पासून स्पर्धा आहे, 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पाहायला एक पैसा नाही. शिवाय आठवड्याच्या मधल्या दिवसांत हॉटेलचे दर शुक्रवार-शनिवारपेक्षा उतरतात, आणि दारूपार्टीसाठी येणारे परदेशी घोळकेही नसतात.

रूळांतर:
क्राकूफबद्दल वर लिहिलेलं सगळं खरं, पण अंतराचा विचार करा. बर्लिनहून प्राग थेट गाडीने साडेचार तासांच्या आत येतं. क्राकूफला थेट दिवसाची गाडी आहे, व्रोत्सवाफ आणि कातोवित्सेवरून जाते, पण साडेसात तासांच्या आसपास लागतात. तीनच रात्री असतील तर चारपैकी दोन दिवस गाडीत जातील. तीन रात्रींसाठी माझं मत प्राग. चार रात्री असतील तर क्राकूफ.

गाडी ठरवलीत तर एकाच गाडीचं तिकीट जर्मन रेल्वे आणि पोलिश रेल्वे अशा दोन्ही ठिकाणी पाहा. दोघांच्या सवलतीच्या जागा वेगळ्या असतात, त्यामुळे एकाच डब्यातल्या शेजारच्या खुर्च्यांना दोन दर दिसू शकतात. सगळ्यात स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीपुरतं बांधलेलं असतं आणि परत होत नाही. रात्रीच्या बस स्वस्त आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतके तास वाकून बसवू नका.

सात तास सलग नको असतील तर व्रोत्सवाफला उतरून जेवा, गाव पाहा आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जा. तिथून क्राकूफला गाड्या भरपूर आहेत. मात्र तेव्हा तिकिटं दोन तुकड्यांत काढा.

विमानाचं स्वस्त तिकीट मिळालं तर दोन गोष्टी तपासा. मूळ दरात सीटखाली मावेल एवढीच बॅग असते. चौघांच्या चार मोठ्या बॅगा धरल्या की स्वस्ताई संपते. आणि काही कंपन्या युरोपबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांचे कागद सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर पाहतात. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून थेट गेटवर गेलात तर तिथून परत पाठवतात, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. क्राकूफचा विमानतळ बालित्से इथे, शहरापासून 11 किलोमीटरवर. लोकल गाडी वीसएक मिनिटांत मुख्य स्टेशनला आणते, टॅक्सीची गरज नाही.

स्प्रेकाठ:
फार उपयोगी. चार रात्री जमतील, सोमवार ते शुक्रवार. आता आईचं जेवण आणि राहायचं कुठे ते सांगा. व्हिसाचं कुणाला नक्की माहीत आहे का?

खडीसाखर:
जेवणाचं मी सांगते. पोलंडमध्ये शाकाहारी पोट भरतं आणि स्वस्तात भरतं, पण मांस लपतं कुठे ते माहीत हवं.

बार म्लेच्नी नावाची साधी खानावळ शोधा, शब्दशः 'दूध बार'. दारूशी संबंध नाही. दूध, पीठ, बटाटा, भाजी यांचे पदार्थ देणारी ही जुनी पद्धत आहे आणि सरकार आजही अशा जागांना अनुदान देतं. काउंटरवर फलक वाचून पदार्थ सांगायचे, आधी पैसे भरायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची, ताट स्वतः उचलायचं आणि जेवून झाल्यावर परत ठेवायचं. सूप आणि एक मुख्य पदार्थ साधारण 25 ते 40 झ्वॉटीत होतो. (एक झ्वॉटी म्हणजे वीस-पंचवीस रुपये, आणि एका युरोला साधारण सव्वाचार झ्वॉटी.) यातल्या बऱ्याच जागा संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून मुख्य जेवण दुपारी तिथे करा.

काय घ्यायचं: पियेरोगी रुस्किए, म्हणजे बटाटा आणि त्फारूग भरलेले उकडलेले कानवले. त्फारूग हे आपल्या छेन्याच्या जवळचं. कोबी-मशरूमचे पियेरोगीही असतात. पण दोन्हींवर वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकायची पद्धत आहे, त्यांना स्क्फार्की म्हणतात. सांगताना आधीच 'बेझ स्क्फारेक' म्हणा, आणि 'स मास्वेम', म्हणजे लोण्याबरोबर, असं मागा. आई अंडंही खात नाहीत, तर आणखी एक लक्षात घ्या. पियेरोगीच्या पारीत काही ठिकाणी अंडं घालतात, काही ठिकाणी नाही. 'बेझ याइका?' असं विचारायचं. बटाट्याच्या धिरड्यांत (प्लात्स्की) आणि पातळ घावनांत (नालेश्निकी) मात्र अंडं जवळजवळ नेहमीच असतं, ती सोडून द्या. कोपिट्का या बटाट्याच्या उकडलेल्या वड्यांतही बहुधा असतं.

सूपांत फसगत जास्त. झुरेक म्हणजे आंबवलेल्या राईच्या पिठाचं सूप, चव आपल्या आंबीलीकडे झुकणारी, पण त्यात सॉसेज आणि अंडं असतं. लाल बार्श्च बिटाचं दिसतं, पण पाणी पुष्कळदा मांसाचं असतं. टोमॅटो सूपही बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या रश्श्यावर करतात. 'बेझ म्येंसा' एवढंच म्हटलं तर तुकडे काढून तेच सूप वाढतील, त्यांच्या लेखी त्यात मांस नाही. 'वेगेतारियान्स्किए?' असं विचारा. पावाबरोबर पांढरं लोण्यासारखं काही फुकट आलं तर ते बहुधा स्मालेत्स, डुकराची चरबी. ते बाजूला ठेवा.

रस्त्यावरचं खाणं सोपं आहे. निळ्या गाड्यांवर मिळणारा ओबवाझानेक हा पिळाचा गोल पाव, वर मीठ, तीळ किंवा खसखस. युरोपीय संघाने 2010 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन दिलं आहे. सकाळी ताजा असतो, दुपारनंतर चिवट होतो. काझिमिएझ भागातल्या प्लात्स नोव्ही चौकात गोल इमारतीभोवती झापिएकांकाच्या खिडक्या आहेत: लांब पाव अर्धा चिरून त्यावर मशरूम आणि चीज, भट्टीत भाजलेला. साधा मूळ प्रकार शाकाहारीच असतो आणि एक दोघांना पुरतो.

आणि दुकानात माश्लांका मागा. ते ताकच. दही आणि केफिरही सगळीकडे. आईंना रात्री दहीभात हवा असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, तांदूळ आणि फोडणीचं साहित्य बर्लिनहून न्या. चौघांना दोन बेडरूमचं घर दोन हॉटेल खोल्यांपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

ख्रिसमस बाजारात एक काळजी घ्या. नोव्हेंबरच्या अखेरीपासून तो मुख्य चौकात भरतो. तिथल्या मोठ्या तव्यांवरच्या पदार्थांचा फलकावरचा दर अनेकदा 100 ग्रॅमचा असतो, आणि ताटात 400-500 ग्रॅम वाढतात. 'किती ग्रॅम' ते आधी बोटांनी दाखवून घ्या. त्या तव्यांवर सॉसेज आणि बटाटे शेजारीच परततात, हेही आईंना सांगून ठेवा.

जुना_नकाशा:
राहायचं क्लेपाश भागात. प्लांतीच्या उत्तरेला, मुख्य स्टेशन आणि जुन्या शहराच्या मधे. बॅगा घेऊन दहाएक मिनिटं चालणं, आणि स्तारी क्लेपाशची भाजी मंडई शेजारी. काझिमिएझ सुंदर आहे, पण प्लात्स नोव्हीच्या आसपास रात्री दोनपर्यंत गोंगाट असतो. मुख्य चौकाला लागून घेतलं तर तीच गत, आणि दर वर. कुठेही घ्या, लिफ्टची खात्री करा. जुन्या इमारतींचे मजले उंच असतात, तिसरा मजला म्हणजे आपल्याकडचा पाचवा समजा, आणि जाहिरातीत 'ऐतिहासिक वास्तू' लिहिलेलं असेल तर लिफ्ट नसण्याची शक्यता जास्त.

तिकीटखिडकी:
पैशांचं थोडं. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. रोख लागते ती मंडईत, सार्वजनिक शौचालयात आणि एखाद्या जुन्या खानावळीत. चौघांना चार दिवसांत दोन-तीनशे झ्वॉटी रोख पुरेत. एटीएम आणि कार्डयंत्र तुम्हाला विचारतं: 'युरोत की झ्वॉटीत?' दरवेळी झ्वॉटी निवडा. युरो निवडलात तर विनिमयाचा दर यंत्राचा मालक लावतो आणि फरक कधी कधी दहा टक्क्यांच्या घरात जातो. रस्त्यावरची स्वतंत्र एटीएम टाळून बँकेच्या भिंतीतलं वापरा. युरोच्या नोटा बदलायच्या असतील तर कांतोर, म्हणजे चलन बदलणारी दुकानं, भरपूर आहेत. पाटीवर 'कमिशन 0' लिहिलेलं असलं तरी खरेदी आणि विक्रीच्या दरातलं अंतर पाहा. ते जेवढं कमी तेवढं दुकान बरं. विमानतळावर आणि स्टेशनच्या आत बदलू नका.

ट्राम-बसची तिकिटं मिनिटांवर असतात, त्या वेळेत गाडी बदलता येते. कागदी तिकीट घेतलं तर चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्या. खिशात कोरं तिकीट असणं म्हणजे विनातिकीट, तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि परदेशी म्हणून सूट देत नाहीत. ट्रामच्या आतलं यंत्र बहुतेक फक्त कार्ड घेतं. शहराच्या पहिल्या विभागाचं तिकीट विमानतळाला किंवा विएलिच्काला (मिठाच्या खाणीच्या गावाला) चालत नाही, त्यासाठी बाहेरच्या विभागासकटचं घ्यावं लागतं. तुम्ही क्लेपाशला राहिलात तर दिवसभराचा पास काढायची गरज बहुधा पडणार नाही.

संग्रहालयांत पैसे वाचवायची एक कायदेशीर सोय आहे. पोलंडच्या संग्रहालय कायद्यानुसार कायमस्वरूपी प्रदर्शन आठवड्यातून एक दिवस मोफत ठेवावं लागतं. सध्या चौकाखालच्या भूमिगत संग्रहालयाचा आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या शाखांचा हा दिवस मंगळवार आहे, शिंडलर या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या जर्मन कारखानदाराच्या कारखान्यातल्या संग्रहालयाचा सोमवार. वार बदलतात, निघायच्या आठवड्यात त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मोफत म्हणजे दारातून सरळ आत असं नाही. शून्य किमतीचं तिकीट घ्यावंच लागतं, त्यांची संख्या मोजकी असते आणि ती सकाळीच संपतात. तुमचा मंगळवार पूर्ण हाताशी आहे, तेव्हा उघडायच्या वेळेला पहिलं भूमिगत संग्रहालय गाठा. आत सपाट आहे, लिफ्ट आहे, आणि मध्ययुगातले रस्ते, दुकानांच्या भिंती, तराजूघर जिथे सापडलं तिथेच काचेखाली दिसतं.

राष्ट्रीय संग्रहालयाची चार्तोरिस्की शाखा चुकवू नका. लिओनार्दोने लाकडी फळीवर रंगवलेली, अर्मिन (मुंगसासारखा छोटा पांढरा प्राणी) हातात धरलेली तरुणी तिथे आहे. जेमतेम 54 बाय 39 सेंटिमीटरचं चित्र. स्वतंत्र अंधाऱ्या खोलीत लावलंय. लूव्हरमध्ये मोना लिसासमोर जी रेटारेटी असते तिचा इथे डिसेंबरात मागमूस नसतो, चित्रापुढे निवांत उभं राहता येतं. पोलंड सरकारने 2016 च्या डिसेंबरात हा सगळा संग्रह 10 कोटी युरोंना विकत घेतला, म्हणून ते आता सार्वजनिक मालकीचं आहे.

कोलेगियम मायुस या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं विटांचं अंगण तर कधीही आत जाऊन पाहण्यासारखं, तिकीट नाही. विद्यापीठ 1364 चं, आणि कोपर्निकस 1491 पासून तिथे शिकला.

सांजकोन:
खाण आणि आउश्वित्झ यांवर माझं स्पष्ट मत: खाण सोडा, आउश्वित्झचा निर्णय आई-बाबांना विचारून घ्या.

विएलिच्काची मिठाची खाण अप्रतिम आहे यात वाद नाही. जमिनीखाली 101 मीटरवर संत किंगाचं अख्खं चर्च मिठात कोरलंय, झुंबरंसुद्धा मिठाच्या स्फटिकांची. पण रोजच्या पर्यटक मार्गाची सुरुवातच सुमारे 380 लाकडी पायऱ्या उतरून होते, पूर्ण मार्गात 800 च्या आसपास पायऱ्या, साडेतीन किलोमीटर चाल आणि अडीच-तीन तास. वर येताना लिफ्ट मिळते, उतरताना नाही. मधेच थकलं तर बाहेर पडणं सोपं नाही, कारण गट मार्गदर्शकाबरोबरच हलतो. उतरणं हेच दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात वाईट. चालायला अडचण असणाऱ्यांसाठी लिफ्टने उतरायची छोट्या मार्गाची सोय आहे, पण ती आधी कळवून ठरवावी लागते. तिकीटही माणशी दीडशे झ्वॉटीच्या घरात जातं, म्हणजे चौघांचं मिळून तुमच्या दोन दिवसांच्या जेवणाएवढं. तरुण दोघांनाच जायचं असेल तर स्टेशनवरून लोकल गाडी अर्ध्या तासाच्या आत खाणीजवळ सोडते.

आउश्वित्झ क्राकूफपासून 70 किलोमीटरच्या आसपास, ओश्विएंचिम गावात. स्टेशनशेजारच्या बसस्थानकावरून बस दीड तासात थेट संग्रहालयाच्या दारात नेते. रेल्वेनेही जाता येतं, पण तिथलं स्टेशन संग्रहालयापासून चालत अर्धा तास दूर आहे, थंडीत बसच बरी. प्रवेशाला पैसे नाहीत, पण वेळ ठरवलेलं नावाचं प्रवेशपत्र संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आधी घ्यावं लागतं, आणि पासपोर्टवरचं नाव त्याच्याशी जुळावं लागतं. मार्गदर्शकासह फेरी सशुल्क आहे, साडेतीन तासांची. क्राकूफच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या सहली हेच प्रवेशपत्र गाडीभाड्यासकट बऱ्याच जास्त किमतीला देतात. मोफत वेळा लवकर संपतात, म्हणून आजच पाहा. पाठीवरची मोठी बॅग आत नेता येत नाही. मुख्य छावणी आणि बिर्केनाउ ही दुसरी छावणी यांत तीन किलोमीटर अंतर आहे, मधे मोफत बस फिरते. बिर्केनाउ म्हणजे उघडं माळरान, डिसेंबरात वारा हाडांत शिरतो आणि पावणेचारला सूर्य मावळतो. पूर्ण दिवस जातो, आणि त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नये. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका असं संग्रहालयच सांगतं. तुमच्याकडे मुलं नाहीत, पण वयस्कर माणसांनाही आधी विचारलेलं बरं.

तो दिवस नको असेल तर तोच इतिहास शहरातच समजून घेता येतो, आणि तोही नीट. काझिमिएझमध्ये ज्यूंची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. मार्च 1941 मध्ये नाझींनी त्यांना नदीपलीकडे पोद्गूझेमध्ये कोंबलं, आणि 13-14 मार्च 1943 ला ती बंदिस्त वस्ती संपवली. तिथल्या चौकात आता धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या रांगेने उभ्या आहेत, कारण लोकांना नेल्यानंतर त्यांचं घरसामान तिथेच पडून राहिलं होतं. ट्राम चौकातच थांबते. कोपऱ्यावर 'गरुडाखालचं औषधालय' आहे. तादेउश पांकिएविच या बिगर-ज्यू औषधविक्याने बंदिस्त वस्तीच्या आत राहून ते चालू ठेवलं होतं. खोल्या थोड्या, कपाटांचे खण उघडून कागद आणि फोटो पाहता येतात, तासाभरात होतं. शिंडलरचा कारखाना तिथून चालत पंधरा मिनिटं. तो चित्रपटामुळे प्रसिद्ध असला तरी प्रदर्शन सगळ्या शहराच्या 1939 ते 1945 या काळावर आहे. तिथे दीड-दोन तास अरुंद खोल्यांतून उभ्याने फिरावं लागतं आणि तिकीट ऑनलाइन आधी घ्यावं लागतं. बाबांसाठी औषधालय योग्य, कारखाना त्यांना विचारून.

बाबांना इतिहासात रस असेल तर निघायच्या आधी कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पबद्दल बोला. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेली आणि तिथून इराणमार्गे बाहेर पडलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 तिथे राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, वॉर्सोतही त्या छावणीच्या आठवणीचा फलक आहे. पोलंडमध्ये कोल्हापूरचं नाव काढलं की ओळखणारी वयस्क माणसं आजही भेटू शकतात.

रूळांतर:
व्हिसाचं उत्तर राहिलं होतं. जर्मनीने दिलेला शेंगेन व्हिसा पोलंडला चालतो, सिंगल एंट्री असला तरी. बर्लिनहून क्राकूफला जाणं म्हणजे शेंगेनच्या बाहेर पडणं नव्हे, त्यामुळे एंट्री खर्च होत नाही. अडचण कधी येते? स्वस्त तिकिटाच्या नादात लंडनमार्गे विमान घेतलं तर. तसं घेऊ नका. व्हिसावर लिहिलेली मुदत आणि एकूण दिवस यांत परतीची तारीख बसते ना, एवढं पाहा. तुमचं रेसिडेन्स कार्ड 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत इतर शेंगेन देशांत पुरेसं आहे.

पण चौघांनीही मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालणार नाही. जर्मनी-पोलंड सीमेवर तात्पुरती तपासणी दोन्ही बाजूंनी सुरू झालेली आहे आणि गाडीतही पोलीस कागद मागतात. परतीच्या गाडीला त्यामुळे उशीर होऊ शकतो, म्हणून बर्लिनला उतरल्यावर लगेचची पुढची गाडी धरू नका. आई-बाबांचा प्रवास विमा फक्त जर्मनीपुरता नसून सगळ्या शेंगेनसाठी आहे ना, तेही कागदावर वाचा. व्हिसासाठी काढलेला असेल तर असतोच, नंतर वाढवलेला असेल तर तपासा.

खडीसाखर:
हवेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. डिसेंबरात तापमान शून्याच्या आसपास, पण त्रास थंडीपेक्षा धुराचा होऊ शकतो. शहर खोलगट जागेत आहे आणि वारा नसला की धूर बसून राहतो. शहरात कोळसा आणि लाकूड जाळायला 1 सप्टेंबर 2019 पासून पूर्ण बंदी आहे, हवा तेव्हापासून सुधारली, तरी आजूबाजूच्या गावांतला धूर येतोच. कुणाला दमा असेल तर सकाळी हवेचा निर्देशांक पाहा आणि वाईट असेल त्या दिवशी संग्रहालयं आधी करा. एरवी क्रम उलटा: उजेड साडेसात ते साडेतीन, तेव्हा बाहेरचं पाहायचं, अंधार पडला की आतलं.

फरसबंदी ओली झाली की निसरडी होते. बाबांना नवे बूट घेऊ नका, रबरी खाचांच्या तळाचे वापरलेलेच घाला. काठी असेल तर टोकाचं रबर बदलून न्या.

शौचालयाच्या दारावर बहुतेक ठिकाणी वर्तुळ किंवा त्रिकोण एवढीच खूण असते. वर्तुळ बायकांचं, त्रिकोण पुरुषांचा. दोन ते पाच झ्वॉटींची नाणी चौघांच्याही खिशात वेगवेगळी ठेवा.

स्प्रेकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या गुरुवारचा आठवडा धरून क्लेपाशला लिफ्ट असलेलं घर पाहतो, खाण रद्द. आउश्वित्झचं आई-बाबांशी आज बोलतो. शेवटची शंका: सेंट निकोलसच्या सणाची, 6 डिसेंबरची, सुट्टी असते का? आणि शुक्रवारी दुपारी निघणार असू तर बॅगा कुठे ठेवाव्यात?

तिकीटखिडकी:
6 डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते, दुकानं चालू असतात. बॅगांसाठी मुख्य स्टेशनवर लॉकर आहेत, कार्ड किंवा नाण्यांवर चालतात. मोठे लॉकर सकाळी लवकर भरतात, तेव्हा आधी घरमालकाला विचारा. आणि फलाटाकडे जायला किमान वीस मिनिटं ठेवा. स्टेशन आता मॉलच्या पोटातून जोडलेलं आहे आणि फलाट क्रमांकाबरोबर रुळाचाही क्रमांक असतो. फलकावर 'पेरॉन' म्हणजे फलाट, 'तोर' म्हणजे रूळ. एका फलाटाला दोन रूळ, दोन्हीकडे गाड्या लागतात. तिकिटावर डबा आणि सीट असते, डबा कुठे थांबेल ते फलाटावरच्या तक्त्यात पाहून बाबांना तिथेच बाकावर बसवा.